बोर्डावर जागा झाली की मगच पुढचं काम

गेल्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहिलं होतं की मी माझी रोजची कामं कार्डांवर लिहून ‘करायचंय’, ‘चालू’, ‘झालं’ अशा कॉलमच्या एका छोट्या बोर्डावर ठेवते, त्याला पर्सनल कानबान म्हणतात, आणि त्यातल्या ‘चालू’ कॉलममधे तीनच्या वर कार्डं जाऊ देत नाही. त्या दोन ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. जवळजवळ सगळी पत्रं डेव्हलपर लोकांची आहेत. नावं काढलीयेत आणि लांब पत्रं थोडी कापलीयेत.

प्रश्न: ताई, मी चार वर्षं बॅकएंडवर काम करतोय. आमच्या टीमचा जिरावर (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) बोर्ड आहे, रोज स्टँडअपला (टीमची रोजची छोटी मीटिंग) तो उघडतो, मग परत स्वतःचा वेगळा बोर्ड कशाला? आधीच अपडेट करायला ढीगभर जागा आहेत. पण अडचण खरी आहे, दिवसभर मान मोडून काम करतो आणि संध्याकाळी आज काय संपलं असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. आत्ता पत्र लिहिताना मोजलं तर सात-आठ गोष्टी अर्धवट पडल्यात.

उत्तर: तुमचं शेवटचं वाक्य मी परत परत वाचलं. सात-आठ गोष्टी अर्धवट आहेत हे कळायला तुम्हाला पत्र लिहायला बसावं लागलं, बोर्डानं ते सांगितलं नाही. टीमच्या बोर्डावर तुमच्या नावावर किती तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, असतील? दोन, फार तर तीन. मग उरलेली पाच आली कुठून? कुणाचा तरी पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल तपासून मुख्य कोडमधे घ्यायची विनंती) बघायचाय, क्यूएनं (टेस्टिंगवाल्यांनी) विचारलेल्या शंकेचं उत्तर द्यायचंय, नवीन आलेल्या मुलाचं लोकल सेटअप उठत नाहीये म्हणून त्याच्याजवळ बसायचंय, मीटिंगमधे तुम्ही बोलून गेलात की ती लायब्ररी अपग्रेड करून बघतो, शिवाय मागच्या आठवड्यात डिप्लॉय केलेल्या फीचरचे लॉग एकदा नजरेखालून घालायचेत. यातलं एकही तिकीट नाही, पण दिवस खातात ते हेच. टीमचा बोर्ड टीमचं काम कुठंवर आलं ते दाखवतो, तुमच्या डोक्यात काय काय उघडं पडलंय ते त्याला माहीतच नसतं. तिकिटांची नक्कल करायला स्वतःचा बोर्ड ठेवायचा असेल तर नकोच. तुमचं सगळं लक्ष जिथं जिथं वाटलं जातंय ते एका जागी दिसावं म्हणून तो हवा.

थोडं मागचं सांगते. कानबान हा जपानी शब्द, अर्थ पाटी किंवा फलक. टोयोटाच्या ताइची ओनो यांनी कारखान्यात ही कार्डांची पद्धत बसवली, १९५३च्या सुमाराला मशीन शॉपमधे ती सुरू झाली. कल्पना त्यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून घेतली होती: फळीवरून माल उचलला गेला की जेवढी जागा रिकामी होते तेवढाच माल परत भरायचा. मागच्या विभागानं बनवून बनवून पुढच्याच्या अंगावर ढकलायचं नाही, पुढच्याला लागेल तेव्हा त्यानं ओढून घ्यायचं. सॉफ्टवेअरमधे हे डेव्हिड अँडरसन यांनी २००४ला मायक्रोसॉफ्टच्या एका टीमबरोबर आणलं, आणि एकट्या माणसासाठी जिम बेन्सन आणि टोनियान डीमारिया यांनी २०११ मधे दोनच नियमांत मांडलं. एक, काम डोळ्यांना दिसेल असं ठेवा. दोन, एका वेळी हातात किती काम असेल त्याला मर्यादा घाला.

पहिला नियम सगळे आवडीनं पाळतात, रंगीत कार्डं लावायला छानच वाटतं. दुसरा पाळत नाहीत, आणि दुसऱ्याशिवाय तुमचा बोर्ड म्हणजे भिंतीला लावलेली यादी.

मर्यादेमागचं गणित साधं आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मधे ते सिद्ध केलं. एका कामाला सरासरी किती वेळ लागतो ते काढायचं तर हातात असलेल्या कामांची संख्या घ्यायची आणि रोज सरासरी किती संपतात त्यानं भागायचं. तुमच्या हातात ८ गोष्टी आहेत आणि रोज २ संपतात असं धरा, म्हणजे प्रत्येक गोष्ट सरासरी ४ दिवस तुमच्याकडे पडून राहते. तोच वेग ठेवून हातात ४च घेतल्या तर २ दिवस. तुम्ही जास्त जोरात टाइप केलेलं नाही, जास्त वेळ बसलेला नाहीत, फक्त कमी गोष्टी उघडल्यात. आणि प्रत्यक्षात वेगही थोडा वाढतोच, कारण परत परत तेच आठवत बसायला लागत नाही.

पडून राहिलेल्या कामाचं काय होतं ते माझ्या अनुभवातून सांगते. काही वर्षांपूर्वी एका टेबलमधला पूर्ण नावाचा कॉलम तोडून नाव आणि आडनाव असे दोन कॉलम करायचं काम माझ्याकडे होतं. अशी गोष्ट टप्प्याटप्प्यानं करतात: आधी नवीन कॉलम घालायचे, मग दोन्हीकडे लिहायचं, मग जुना डेटा नवीन कॉलममधे भरून घ्यायचा, त्यानंतर वाचणं नवीनवर न्यायचं आणि सगळ्यात शेवटी जुना काढायचा. मी दोन टप्पे केले, डेटा भरायची स्क्रिप्ट स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, चालवली, आणि तेवढ्यात दुसरं काम आलं, मग तिसरं. एकूण पाच ब्रँच (एकेका कामासाठी काढलेल्या कोडच्या वेगळ्या प्रती) उघड्या होत्या. तीन आठवड्यांनी या ब्रँचवर परत आले तेव्हा स्क्रिप्ट चालवल्याचं मला स्पष्ट आठवत होतं, टर्मिनलवरचा शेवटचा आकडासुद्धा आठवत होता. ते स्टेजिंगचं होतं, प्रॉडक्शनचं, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमचं, नव्हतं, हे मात्र आठवलं नाही. वाचणं नवीनवर नेणारा बदल मर्ज केला, म्हणजे मुख्य कोडमधे घेतला, आणि जुन्या सगळ्या ग्राहकांची नावं रिकामी दिसायला लागली. परत फिरवायला वीस मिनिटं लागली, पण मधल्या वेळात बिननावाची जी पत्रं गेली ती निस्तरायला दोन दिवस. कोडमधे चूक नव्हती, रिव्ह्यू करणाऱ्यालाही काही खटकलं नाही. ते काम तीन आठवडे उघडं राहिलं, तिथंच चुकलं.

तेव्हा आज एवढंच करा. ती सात-आठ कामं कागदाच्या सात-आठ तुकड्यांवर लिहा, त्यातली तीन समोर ठेवा, बाकीची उलटी करून बाजूला ठेवा. एक संपलं की एक उलटं कार्ड सरळ करायचं, त्याआधी नाही.

प्रश्न: तुमचं वाचून मी लिमिट ३ ठेवलं. पहिल्याच दिवशी दुपारी बारापर्यंत तिन्ही अडकली, एक पीआर रिव्ह्यूत, दुसऱ्यात डिझाइनवाल्यांचं उत्तर यायचंय, तिसऱ्याच्या टेस्ट पाऊण तास चालतात. आता मी काय हातावर हात ठेवून बसू? शेवटी चौथं घेतलं, मग पाचवं, आणि दोन दिवसांत बोर्ड बंद केला.

उत्तर: बहुतेकांचा बोर्ड इथंच मोडतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक वेगळा कॉलम करा, ‘थांबलंय’ असं नाव द्या. दुसऱ्या कुणावर तरी अडलेलं कार्ड तिकडं जाईल. पण तिकडं जायचं भाडं द्यावं लागतं, म्हणजे कार्डावर तीन गोष्टी लिहिल्याशिवाय ते हलवायचं नाही: कुणासाठी थांबलंय, कधीपासून, आणि मी परत कधी विचारणार. ‘डिझाइन टीमकडे’ असं नका लिहू, माणसाचं नाव लिहा. आणि या कॉलमलाही मर्यादा घाला, माझी ४ आहे. चार भरले की नवीन काम ओढायचं नाही, त्या चारातलं एखादं हलवायच्या मागं लागायचं, चॅटवर उत्तर येत नसेल तर फोन करायचा, फोनवर जमत नसेल तर पंधरा मिनिटं मागून घ्यायची. मर्यादा नसली की ‘थांबलंय’ ही माळ्यावरची अडगळ होते, तिकडं टाकलं की मन मोकळं होतं आणि काम तिथंच सडतं. हा कॉलम मी अडीच वर्षं बिनमर्यादेचा ठेवला होता, तो अडीच वर्षं माझ्याशी खोटं बोलत होता.

आता हातावर हात ठेवून बसायच्या प्रश्नाचं. तुमचा पीआर रिव्ह्यूत अडकलाय ना, मग टीममधल्या दुसऱ्या कुणाचा तरी पीआर नक्की तुमच्यासाठी अडकला असेल. तो बघा. बोर्ड नेहमी उजवीकडून डावीकडं वाचायचा असतो: संपण्याच्या सगळ्यात जवळ काय आहे, ते आधी, आणि नवीन उघडणं सगळ्यात शेवटी. टीममधे चार जणांनी जरी असं केलं तरी रिव्ह्यूची रांग आपोआप आखडते. शिवाय तुमचा पीआर अडकतो तो किती मोठा आहे तेही बघा. बाराशे ओळींचा पीआर उघडला की समोरचा माणूस म्हणतो संध्याकाळी निवांत बघतो, आणि ती संध्याकाळ चार दिवसांनी येते. दीडशे ओळींचा असेल तर तो दोन मीटिंगच्या मधे बघून टाकतो.

पाऊण तासाच्या टेस्टचं वेगळं. ते कार्ड ‘थांबलंय’मधे टाकू नका, कारण तिथं दुसरा माणूस नाही, मशीन आहे, आणि ती कधी संपणार ते माहितीये. त्या पाऊण तासात छोटं काहीतरी करा जे त्याच पाऊण तासात संपेल, उदाहरणार्थ रिव्ह्यू, किंवा डॉक्युमेंटमधला तो चुकीचा परिच्छेद. नवीन फीचरला हात घालू नका. सोफी लरॉय यांनी २००९ मधे एक संशोधन मांडलं होतं, की माणूस एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळला तर लक्षाचा काही भाग मागच्याच कामात अडकून राहतो आणि नवीन काम त्यामुळं कमी प्रतीचं होतं. डेव्हलपरला हे कुणी वेगळं सांगायला नको. एका सर्व्हिसचं पूर्ण चित्र डोक्यात उभं करायला अर्धा तास जातो आणि कुणीतरी जरा बघतोस का म्हटलं की ते एका सेकंदात पडतं.

ब्रँच बदलताना स्टॅश (अर्धवट बदल गुंडाळून बाजूला ठेवायची सोय) वापरत असाल तर एकदा गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातली वर्कट्री बघा. २०१५ मधे गिट २.५ पासून ती सोय आहे. त्याच रेपॉझिटरीची दुसरी ब्रँच वेगळ्या फोल्डरमधे उघडते, म्हणजे दुसऱ्याचा पीआर चालवून बघायला तुमचं अर्धवट काम गुंडाळून ठेवावं लागत नाही, परत आलात की एडिटरमधे सगळं जिथल्या तिथं. माझ्या स्टॅशच्या यादीत एकदा चौदा नोंदी निघाल्या होत्या, त्यातल्या नऊ कशाच्या होत्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तीही अर्धवट कामंच होती, कुठल्याच बोर्डावर नसलेली.

आणि तीन हा आकडा दगडावरची रेघ नाही. दोन आठवडे तीन ठेवून बघा, श्वास कोंडला तर चार करा. पण वाढवायचा निर्णय सकाळी शांतपणे घ्या, काम अंगावर आलेलं असताना दुपारी बारा वाजता नाही.

प्रश्न: ताई, मला कामाला लागून आठ महिने झालेत, अगं-तुगं केलंस तरी चालेल. मी ट्रेलो या ॲपवर बोर्ड केलाय, त्यात ‘लॉगिन पेज’ नावाचं कार्ड सहा दिवस ‘चालू’मधेच आहे. रोज बघून कसंतरी होतं. माझा स्पीड कमी आहे का? आणि बोर्ड कागदावर चांगला की ॲपमधे?

उत्तर: अगं, स्पीडचा प्रश्नच नाही, कार्ड मोठं झालंय. ‘लॉगिन पेज’ हे कामाचं नाव नाही, ते जागेचं नाव आहे. तिथं जाऊन तू काय करणार ते त्यात कुठंच नाही, म्हणून ते संपलं कधी म्हणायचं हेही ठरत नाही. सहा दिवसांत तू काय काय केलंस ते आठवून बघ. फॉर्म मांडला असशील, एपीआय (सर्व्हरशी बोलायचा मार्ग) जोडला असशील, टोकन (लॉगिन झाल्याची खूण) कुठं ठेवायचं ते शोधण्यात एक दिवस गेला असेल, त्यावर सीनियरनं काहीतरी सांगितलं असेल आणि तू ते बदललं असशील. ती चार कार्डं संपलीयेत आणि बोर्डावर त्यांचा मागमूस नाही.

कार्डावर क्रिया लिहायची. ‘चुकीचा पासवर्ड टाकल्यावर मेसेज दाखवणं’, ‘टोकन संपल्यावर परत लॉगिनवर पाठवणं’, ‘पासवर्ड विसरलात ही लिंक जोडणं’. वाचल्या वाचल्या कळलं पाहिजे की झालं का नाही झालं, मधलं काही नाही. माझा अंदाज असा असतो की कार्ड अर्ध्या दिवसात किंवा फार तर दीड दिवसात संपावं, त्याहून मोठं वाटलं तर तोडते. कधी कधी कसं तोडायचं तेच कळत नाही, म्हणजे मुळात ते काम आपल्याला कळलेलं नसतं. मग पहिलं कार्ड तेच करायचं, ‘टोकन कुठं ठेवायचं ते दोन तासात शोधून तीन ओळी लिहिणं’. शोधायच्या कामाला वेळेची भिंत घालायचीच, नाहीतर एका लेखातून दुसऱ्यात असा दिवस जातो. दोन तास झाले आणि उत्तर नाही मिळालं तर सीनियरला विचारायचं, जे वाचलंयस ते दाखवून विचारायचं. आठ महिन्यात हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही.

कागद का ॲप? महिनाभर कागद वापर असं मी सांगेन. भिंतीवर किंवा टेबलावर जागा मोजकीच असते, चौथं कार्ड लावायला गेलीस की ते दिसतं, आणि संपलेलं कार्ड हातानं उचलून पलीकडं लावताना जे वाटतं ते माउसनं होत नाही. घरून आणि ऑफिसमधून दोन्हीकडून काम करत असशील तर ट्रेलोच बरा. फक्त लेबलं, ऑटोमेशन, रंग यात अडकू नकोस. तीन-चार कॉलम पुरतात. आपण डेव्हलपर असल्यामुळं दोन दिवसांत स्वतःचंच कानबान ॲप लिहायचा मोह होतो, तो मोह झाला तर तेही एक कार्ड करून ‘करायचंय’मधे खाली टाक.

प्रश्न: मी ऑन-कॉल, म्हणजे बिघाड आला की धावायच्या पाळीवर, असतो तेव्हा प्रॉडक्शनचा बग आला की लिमिट वगैरे सगळं बाजूला राहतं. त्या आठवड्यात बोर्ड ठेवूच नये का?

उत्तर: ठेवाच. बोर्डाच्या वरच्या बाजूला एक आडवी पट्टी आखा, तातडीची. तिथं एका वेळी एकच कार्ड, आणि ते आलं की बाकी ‘चालू’ कार्डं जिथं आहेत तिथं थांबतील. दोन तातडीची एकदम आली तर मॅनेजरला विचारायचं की आधी कुठलं, स्वतःच्या अंगावर दोन्ही घ्यायची नाहीत. आणि पट्टीवर प्रत्येक कार्डाची तारीख लिहा. महिन्याभरानं बघितलं आणि तिथं बारा कार्डं दिसली तर ती खरंच तातडीची होती का, का कुणीतरी मोठ्यानं बोललं म्हणून झाली, हे बोलायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

खरी कसोटी दुसरीच आहे, उठून जाताना काय करता. लॅपटॉपवरून नजर काढायच्या आधी चालू कार्डावर दोन ओळी लिहा: कुठं थांबलो, आणि परत आलो की पहिली गोष्ट काय करणार. ‘रिट्राय लॉजिक लिहून झालं, टाइमआउटची टेस्ट फेल होतीये, आधी मॉकमधली किंमत बघायची.’ एक मिनिट लागतं. लरॉय आणि थेरेसा ग्लॉम यांच्या २०१८च्या अभ्यासात हेच दिसलं होतं, परत कुठून सुरू करायचं ते लिहून ठेवलेल्या लोकांचं मन मधे आलेल्या कामात जास्त नीट लागलं. म्हणजे त्या ओळींचा फायदा परतल्यावर तर आहेच, बग बघतानाही आहे. बिघाडाचा अलर्ट वाजलेला असताना एक मिनिट जास्त वाटतं हे मला माहितीये, तरी लिहा.

प्रश्न: मॅडम, मी नऊ जणांची टीम सांभाळतो. मला ही पद्धत पटली. सगळ्यांनी आपापला पर्सनल बोर्ड ठेवावा आणि तो मला शेअर करावा असं ठरवतोय, म्हणजे कोण किती मोकळं आहे ते कळेल. काही सूचना?

उत्तर: सूचना एकच आहे आणि ती कळकळीनं करते, शेअर करायला सांगू नका. ज्या दिवशी तो बोर्ड तुम्ही बघायला लागाल त्या दिवसापासून तो तुमच्यासाठी लिहिला जाईल. ‘हे मला समजत नाहीये, परत वाचायचंय’ असं कार्ड कुणी लावणार नाही, ‘तीन दिवस अडकलोय’ असं लिहिणार नाही, आणि सगळ्यांच्या ‘चालू’मधे कायम तीन-तीन कार्डं दिसतील. बोर्डाचा जो उपयोग होता तोच जाईल.

दुसरं म्हणजे कोण मोकळं आहे ते शोधून त्याला काम देणं, हा विचारच जरा तपासून बघा. रांगांचं एक साधं गणित आहे, काम कधी येईल आणि किती वेळ घेईल याचा नेम नसेल तर माणूस ५० टक्के व्यग्र असताना नवीन काम सरासरी एका कामाच्या वेळेइतकं थांबतं. ८० टक्क्यांवर चार पट, ९० वर नऊ पट, ९५ वर एकोणीस पट. तुमच्या टीमचं काम अगदी याच सूत्रात बसेल असं नाही, पण चढ असाच असतो, शेवटच्या दहा टक्क्यांसाठी सगळी रांग तुंबते. कुणी थोडं मोकळं आहे म्हणूनच रिव्ह्यू वेळेवर होतात आणि प्रॉडक्शनला आग लागली तर धावायला माणूस असतो.

तुम्हाला मदतच करायची असेल तर टीमच्या बोर्डावर रिव्ह्यूच्या कॉलमला मर्यादा घाला, आणि तुमचा स्वतःचा पर्सनल बोर्ड सगळ्यांना दिसेल असा लावा. तुमच्या ‘थांबलंय’मधे टीमची किती उत्तरं अडकलीत ते त्यांना दिसू दे.

प्रश्न: माझ्या ‘करायचंय’ कॉलममधे १४० कार्डं आहेत. बोर्ड उघडायचीच भीती वाटते.

उत्तर: ती यादी बोर्डावरून काढा, एका फाइलमधे पडू दे, ती कुठं पळून जात नाही. बोर्डावर ‘करायचंय’मधे दहाच ठेवा, सोमवारी सकाळी त्या फाइलमधून निवडून. आणि फाइलमधलं जे कार्ड तीन महिन्यांत एकदाही निवडलं गेलं नाही ते खोडा. हे ऐकून पोटात गोळा येतो, मला पहिल्यांदा खोडताना आलाच होता, ‘तो जुना मॉड्यूल नीट लिहून काढायचा’ हे कार्ड दोन वर्षं जपलं होतं मी. पण जे खरंच लागणारं असतं ते परत येतं, बग म्हणून येतं किंवा कुणी मागायला येतं. त्या १४० मधे दुसऱ्या कुणाला शब्द दिलेली काही कार्डं असतील तर ती मात्र गुपचूप खोडू नका, त्या माणसाला कळवा की हे माझ्याकडून होणार नाहीये.

प्रश्न: सगळं ठीक, पण ‘कधी होईल’ या प्रश्नाला कानबानमधे काय उत्तर आहे? आमच्याकडे रोज विचारतात आणि माझे अंदाज कायम चुकतात.

उत्तर: अंदाज सगळ्यांचेच चुकतात, कारण आपण हात लावून करायचा वेळ धरतो आणि थांबायचा वेळ धरत नाही. चार तासांचं काम चार तासांचंच असतं, पण रिव्ह्यू, क्यूए, डिप्लॉयची वाट बघण्यात ते पाच दिवसांनी बाहेर पडतं, आणि विचारणाऱ्याला ते पाच दिवसच हवे असतात.

म्हणून कार्ड ‘चालू’मधे आलं की कोपऱ्यात तारीख लिहा, ‘झालं’मधे गेलं की दुसरी लिहा, एवढंच. ३० कार्डं झाली की प्रत्येकाला किती दिवस लागले ते काढा, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावा आणि २६वं कार्ड बघा. ते समजा ५ दिवसांचं निघालं, तर ३० पैकी २६ वेळा तुमचं काम ५ दिवसांत किंवा त्याआधी संपलंय. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर म्हणा, अशी कामं बहुतेक वेळा ५ दिवसांत होतात, एखाद्या वेळी जास्त लागतात, आणि हे त्यातलं आहे असं दिसलं तर मी लगेच सांगीन. सरासरी सांगू नका, सरासरी सांगितलीत तर बऱ्याच वेळा उशीर होईल आणि शब्द मोडल्यासारखं दिसेल. सुट्टीचे दिवसही धरा, समोरचा माणूस कॅलेंडर बघूनच वाट बघत असतो. हे सगळं कार्डं साधारण एका मापाची असतील तरच कामाचं, वर त्या मुलीला कार्ड तोडायचं सांगितलं ते यासाठीसुद्धा.

आत्तापर्यंत तारखा लिहिल्या नसतील तरी थांबायचं कारण नाही. तुमच्या मागच्या ३० पीआरची पानं उघडा, पहिल्या कमिटची (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाची) तारीख आणि मर्जची तारीख दोन्ही तिथंच असतात, अर्ध्या तासात पहिला आकडा हाताशी येईल.